चॉकचं तोंड वर

'ताई, मी २७ वर्षांचा. नोकरी ऐरोलीला, घर ठाण्यात, नौपाड्यात. गेलं वर्षभर आठवड्यातून दोन-तीनदा ऑफिसमधून परस्पर पूल खेळायला जातो. पार्लर घराजवळच आहे. तिथे साठीच्या आसपासचे एक काका येतात. खेळतात सुंदर, सगळे त्यांना मानतात. तीन आठवड्यांपूर्वी त्यांनी स्वतःहून मला एक गेम खेळायला बोलावलं. मी शॉट मारून स्टिकच्या टोकाला लावायचा चॉक टेबलाच्या कडेवर ठेवला, तो उलटा ठेवला गेला असावा. ते सगळ्यांसमोर म्हणाले, "चॉक पालथा घालतोस, टेबलावर फुंकतोस. आधी शिस्त शीक, मग स्टिकला हात लाव." माझे मित्र हसले. उरलेला गेम कसाबसा संपवला, पैसे दिले आणि निघून आलो. तेव्हापासून गेलो नाही. एवढ्याशा खडूवरून माणसाला इतकं बोलायचं? आणि ते स्वतः प्रत्येक शॉटनंतर चॉक खिशात टाकतात, मला दर वेळी मागावा लागतो. ते कोणत्या शिस्तीत बसतं? परत जावंसं वाटतं, पण पाय उचलत नाही.

ता. क. पांढऱ्या शर्टाच्या बाहीवर निळा डाग पडलाय. आई विचारते कसला.'

तुला तू म्हणते, कारण माझा भाचा तुझ्याच वयाचा आहे आणि त्यालाही ह्या खेळाने असंच वेड लावलंय.

पत्र दोनदा वाचलं. चॉकबद्दल काका म्हणाले ते बरोबर आहे. चारचौघांत म्हणाले ते चूक आहे. पहिलं मान्य केलंस म्हणून दुसऱ्याचं वाईट वाटणं सोडून द्यायला नको, आणि वाईट वाटलं म्हणून पालथा चॉक सुलटा होत नाही. तीन आठवडे तू ह्या दोन्हींचं एकच गाठोडं बांधून उराशी धरून बसलायस. ते सोडवू या.

'एवढासा खडू' असं लिहिलंस. तो खडू नव्हेच. फार पूर्वी खेळाडू खरोखरच खडूची पूड लावायचे, म्हणून नाव तेवढं राहिलं. आज आपण वापरतो तसला चॉक विल्यम स्पिंक्स नावाचा अमेरिकी बिलियर्ड्स खेळाडू आणि विल्यम हॉस्किन्स नावाचा रसायनतज्ज्ञ ह्या दोघांनी तयार केला आणि १८९७ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. त्यात मुख्यतः सिलिका आणि कुरुंद असतो. कुरुंद तुला माहीत आहे. गल्लीत सुऱ्या-कात्र्यांना धार लावणारा येतो ना, त्याच्या फिरत्या चाकात त्याच जातीचा दगड असतो. तो कुरुंद अगदी बारीक दळून, रंग घालून, चौकोनी वडी पाडायची आणि चार बाजूंनी कागद चिकटवायचा, की झाला तुझा निळा चॉक.

स्टिकची टिप चामड्याची आणि बॉल गुळगुळीत. मधे ही खरखरीत पूड नसली तर टिप बॉलवरून सटकते आणि मिस्क्यू होतो. बॉल मध्यावर मारलास तर एखादे वेळी निभावून जाईल. पण मध्यापासून बाजूला, खाली किंवा वर मारून स्पिन द्यायचा तर चॉकशिवाय भागत नाही. म्हणजे टिपवर ही पूड हवीच, दर शॉटला हवी. टेबलावर मात्र ती कुठेही नको.

चॉक पालथा ठेवला की काय होतं ते एकदा नीट बघ. वडीच्या वापरलेल्या तोंडाला खळगा पडलेला असतो आणि त्यात सुटी पूड बसलेली असते. तोंड खाली केलंस की ती लाकडी कडेवर सांडते. वडी उचललीस की तिथे निळा चौकोन उरतो. पुढचा खेळणारा कुशनजवळचा, म्हणजे टेबलाच्या रबरी काठाजवळचा, शॉट घ्यायला वाकतो, तळहात त्या चौकोनावर टेकवतो, मनगट आणि बाही त्यातून ओढली जाते. मग तोच हात तो टेबलावरच्या कपड्यावर ठेवतो. दोन शॉटमध्ये ती पूड कडेवरून टेबलाच्या मध्यावर जाते. तुझ्या बाहीवरचा डाग असाच आलेला असणार. कोणीतरी, कदाचित तूच, पालथा ठेवलेल्या चॉकवरून तुझी बाही गेली.

कपड्यात शिरलेली पूड पुढे दोन कामं करते. एक तर कपडा झिजवते. धार लावायच्या दगडाची पूड धाग्यांत बसली आणि वरून दिवसभर बॉल घरंगळत राहिले तर दुसरं काय होणार? कपडा बदलायचा म्हणजे पार्लरवाल्याला हजारोंचा खर्च आणि तेवढा वेळ टेबल बंद. दुसरं काम मात्र खेळणाऱ्याच्या जिव्हारी लागणारं आहे. बॉल फिरता फिरता पूड उचलतो. पांढऱ्या बॉलवर निळे ठिपके तूही पाहिले असशील. व्हाइट जाऊन दुसऱ्या बॉलला भिडतो तेव्हा नेमका तो ठिपका मधे आला तर दोन बॉल क्षणभर एकमेकांना धरतात. आवाजही वेगळा येतो, टक्क ऐवजी काहीसा बोथट. कधी बॉल किंचित उडतो, आणि ज्या रेषेत जायला हवा ती सोडून जातो. स्नूकरवाले ह्याला किक म्हणतात. नेम बरोबर, जोर बरोबर, हात स्थिर, आणि तरीही पॉकेटच्या ओठावरून बॉल परत. असा शॉट ज्याचा गेला आहे त्याला चॉक दिसला की त्याचं तोंड कुठे आहे हे आधी दिसतं. काकांचे असे किती गेले असतील, तूच विचार कर.

आणि आपल्याकडे हे जास्तच. पावसाळ्यात ठाण्याची हवा कशी असते ते तुला सांगायला नको. कपडा ओल धरतो, टेबल जड चालतं. लोकलमधून आलेला घामट हात त्या निळ्या चौकोनावर टेकला की पुडीचा गारा होतो, आणि गारा झटकून जात नाही. खेळायला गेलास की आधी हात धू आणि पूर्ण कोरडे कर. माझ्या मते चॉकची शिस्त तिथूनच सुरू होते.

मला हे कोणी शिकवलं ते सांगते. मी चोविशीत होते, बँकेत नुकती लागलेली. दादा एका जिमखान्यात स्नूकर खेळायचा, त्याच्याबरोबर हट्टाने जायचे. तिथले मार्कर, म्हणजे टेबल सांभाळणारे आणि स्कोअर मांडणारे, म्हातारपणाकडे झुकलेले, खाकी शर्ट, खांद्यावर पंचासारखं फडकं. तेव्हा आमचा चॉक हिरवा असायचा, हिरव्या टेबलावर हिरवाच. मी शॉट मारून चॉक ठेवला, पालथा. ते आले, दोन बोटांनी चॉक उचलला, उलटा करून तोंड वर ठेवलं, फडक्याच्या टोकाने खालची पूड टिपली आणि स्कोअरच्या फळीजवळ जाऊन उभे राहिले. एक शब्द नाही. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा मी चॉक ठेवतानाच त्यांच्याकडे पाहिलं. तेव्हा म्हणाले, 'ताई, टेबलाला चॉक लागत नाही, स्टिकला लागतो.' एवढंच. दादालाही ऐकू गेलं नसेल. त्यानंतर आयुष्यात मी चॉक पालथा ठेवलेला नाही.

तुझ्या वाट्याला ते मार्कर आले नाहीत, काका आले. माझ्या दृष्टीने सगळा फरक एवढाच आहे, आणि तो लहान नाही.

आता हाताला सवय लावायच्या गोष्टी. चॉक लावायचा तो टेबलापासून एक पाऊल मागे सरून, अंग जरा बाजूला वळवून. टेबलावर स्टिक आडवी धरून लावलास की सांडणारी सगळी पूड कपड्यावर. वडीत टिप घालून शार्पनरमध्ये पेन्सिल फिरवावी तशी फिरवू नकोस. बहुतेक नवे खेळाडू हेच करतात. त्याने वडीला भोक पडतं, टिपच्या कडेला चॉक लागतच नाही, आणि टिपखालची पांढरी फेरुल, म्हणजे स्टिकच्या टोकाचं कडं, मात्र निळी होते. स्पिनसाठी नेमकी टिपची कडच बॉलला लागते, म्हणजे चॉक लावूनही मिस्क्यू व्हायचा तो होतोच. वडी हलक्या हाताने टिपवरून फिरव, कपाळाला गंध लावतात तशी, आणि स्टिक थोडी थोडी वळवत जा. मग टिपकडे बघ. सगळीकडे सारखा पातळ थर दिसला की पुरे. जास्तीची पूड असेल तर खाली जमिनीकडे टोक करून बोटाने हलकेच टिचकी मार. फुंकायचं नाही. निदान टेबलाकडे तोंड करून तर कधीच नाही. काकांनी तुला त्याबद्दलही टोकलं, आणि तेही खरं आहे.

समोरचा शॉटसाठी वाकला असेल तेव्हा चॉक लावत उभा राहू नकोस. त्याची किरकिर कानाला लागते आणि नजरेच्या कोपऱ्यात हात हललेला दिसतो. आपली पाळी आली, उठून उभे राहिलो, काय मारायचं ते बघतोय, ती वेळ चॉकची. पाळी संपली की वडी कडेवर, तोंड वर, आणि आपण खुर्चीत. शक्यतो पॉकेटजवळ ठेवू नकोस, आणि जिथे पुढच्याला हात टेकावा लागेल असं दिसतंय तिथेही नको. व्हाइट कुठे थांबलाय हे ठेवताना एकदा बघितलंस की आपोआप कळतं.

ओघात आलं म्हणून सांगते. काही जण कुशनवर बॉल नेमका कुठे मारायचा त्याची खूण म्हणून तिथे चॉक ठेवतात आणि त्याच्याकडे बघून नेम धरतात. पूलच्या आंतरराष्ट्रीय नियमांत ह्याला मनाई आहे. मित्रामित्रांत कोणी बोलत नाही, पण सवय लागू देऊ नकोस. चुकून चॉक त्या रेषेत राहिला असेल तर शॉटआधी स्वतःहून हलव.

व्हाइटवर डाग दिसला तर स्वतःच्या मनाने उचलून पुसू नकोस, तो फाउल होईल. समोरच्याला विचार, दोघांच्या संमतीने जागा धरून पुसा, नाहीतर गेम संपल्यावर कोरड्या फडक्याने सगळे बॉल पुसून घ्या. कडेवर पूड दिसली तर हाताने फरफटवू नकोस, तीही कोरड्या फडक्याने बाहेरच्या बाजूला टिप. ओलं फडकं मुळीच नको.

आता काकांच्या खिशाबद्दल. तुझा प्रश्न रास्त आहे, पण उत्तर देण्याआधी एक बघावं लागेल. तो चॉक त्यांचा आहे की पार्लरचा? मुरलेले खेळाडू पुष्कळदा स्वतःचा चॉक बाळगतात. हल्ली कमी डाग पाडणारे, बॉलला कमी चिकटणारे परदेशी चॉक मिळतात, त्यांतल्या काहींची एक वडी हजार रुपयांच्या पुढे जाते. तसला चॉक कडेवर ठेवून कोण देईल? तो शॉटनंतर खिशात जाणं पूर्णपणे योग्य आहे, उलट टेबल स्वच्छ राहतं. तसं असेल तर त्यांच्याकडे चॉक मागणं हेच जरा वावगं झालं. तू पार्लरचा घ्यायला हवा होतास.

आणि तो पार्लरचा असेल तर काकांची सवय वाईट आहे. स्पष्ट लिहिते, पार्लरचा चॉक खिशात टाकू नये. तो दोघांचा असतो. समोरच्याला दर शॉटला 'जरा चॉक द्या' म्हणावं लागणं म्हणजे त्याची लय मोडणं. मुद्दाम करत असतील असं मी म्हणत नाही. वर्षानुवर्षांची हाताची सवय असते, माणसाला पत्ताही नसतो, चॉक घरी जातो आणि पँटच्या खिशात निळा होऊन धुवायला पडतो. ह्यावर भांडण नको. गेम सुरू होण्याआधी काउंटरवरून दोन चॉक मागून घे आणि दोन्ही टोकांना एकेक ठेव. कोणाच्या खिशात काय गेलं हे मग बघावंच लागत नाही. भोक पडलेली जुनी वडी दिली तर नवी माग, संकोच करू नकोस. तासाचे पैसे भरतोयस.

काकांबद्दल अजून थोडं. साठीचे आहेत म्हणजे ते तरुण होते तेव्हा आपल्याकडे मायकेल फरेरांचं नाव गाजत होतं. मुंबईचा माणूस, १९७७, १९८१ आणि १९८३ मध्ये बिलियर्ड्सचा जागतिक हौशी विजेता. त्यांच्याआधी पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स, १९५८ मध्ये कोलकात्यात जग जिंकलेले. त्या काळी टेबलं होती ती जिमखान्यांत आणि क्लबांत, तीही मोजकी. नवख्याला तिथे पाऊल ठेवतानाच कापरं भरायचं. टेबल हे देवघरासारखं जपायचं, हे त्या पिढीच्या अंगात मुरलंय. मला ते आवडतं, खोटं कशाला बोलू. पण त्याच खोल्यांमधून नवख्याला खेकसून शिकवायची रीतही आली, आणि ती मात्र पुढे न्यायचं काही कारण नाही. तू वर्षभर तिथे जातोस, आणि चॉक कसा ठेवायचा हे इतक्या दिवसांत तुला कोणी, पार्लरवाल्यानेही, सांगितलं नाही. न सांगितलेली गोष्ट माणसाला ठाऊक नसते. त्यासाठी चारचौघांत उभं करून ऐकवणं हे मला कोणत्याही शिस्तीत बसवता येत नाही.

मात्र तुझ्या पत्रातल्या एका वाक्यावरून तू घाईने पुढे गेलास. त्यांनी स्वतःहून तुला खेळायला बोलावलं. ज्यांना सगळे मानतात असा माणूस कोणालाही उगाच बोलवत नाही. तुझा खेळ त्यांनी काही दिवस पाहिला असणार आणि त्यात त्यांना काहीतरी दिसलं असणार. आणि मग त्याच मुलाने चॉक पालथा ठेवलेला बघून ते चिडले. ह्याने त्यांचं बोलणं गोड होत नाही. पण 'मला हाकलून दिलं' असा जो अर्थ तू घरी घेऊन गेलास, तो मला त्यात दिसत नाही.

परत जा. शनिवारी-रविवारी नको, गर्दी असते. मंगळवार-बुधवारी जा, आणि पहिल्या दिवशी मित्रांना घेऊ नकोस. काका दिसले तर त्यांचा गेम संपू दे, ते खुर्चीत बसले की जवळ जा आणि सरळ म्हण, 'काका, चॉकचं तुम्ही म्हणालात ते बरोबर होतं. मला माहीत नव्हतं, आता सवय बदलली. फक्त सगळ्यांसमोर बोललात ते मला लागलं.' ह्याच क्रमाने. दुसरं वाक्य भिडेपोटी गिळू नकोस, नाहीतर पुढचे सहा महिने ते घशात अडकून राहील आणि त्यांच्यासमोर तुझा हात थरथरेल. पण 'लागलं' हाच शब्द ठेव. 'तुम्ही अपमान केलात' म्हणालास तर त्यांना स्वतःचा बचाव करावा लागेल आणि बोलणं वादावर जाईल. 'लागलं' म्हटलं की समोरचा माणूस जरा थांबतो.

ते कदाचित काहीच म्हणणार नाहीत. त्या वयाच्या पुरुषांना 'माझं चुकलं' हे दोन शब्द फार जड जातात, माझ्या घरातही एक आहेत. उठून 'चल, लाव बॉल' म्हणाले तर ते त्यांचं उत्तर समज आणि बॉल लाव. आणि नाहीच विरघळले, तोंड फिरवून बसले, तर दुसऱ्या टेबलावर जाऊन आपला गेम सुरू कर. ते पार्लर जितकं त्यांचं आहे तितकंच तुझं.

मित्रांचं मनावर घेऊ नकोस. त्यांनाही चॉक कसा ठेवायचा माहीत नसणार, म्हणून तर हसले. खेळता खेळता एखाद्याचा चॉक पालथा दिसला तर उचलून सुलटा ठेव आणि आपला शॉट घे.

राहिला शर्ट. अजून धुतला नसेल तर बरं. आधी पाणी लावू नकोस, ओलं करून चोळलं की रंग धाग्यात बसतो. गॅलरीत नेऊन बाही कोरडीच झटक, मग जुन्या मऊ टूथब्रशने पूड बाहेरच्या दिशेने काढ, जेवढी निघेल तेवढी. त्यानंतर डागावर थोडं लिक्विड डिटर्जंट लावून पंधरा-वीस मिनिटं ठेव आणि थंड पाण्यात धू. एकदा नाही गेला तर पुन्हा तेच कर. डाग पूर्ण जाईपर्यंत इस्त्री फिरवू नकोस. आणि आई विचारते तर तिला सांग ना, पूलचा चॉक आहे म्हणून.